रुखवतातली दोन विमानं

सवतीचा मला कधी मत्सर वाटला नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा पलटणीत होता. त्यानं बेळगावात दुसरं घर केलं, तेव्हा शेजारच्या बायका माझं तोंड कसं झालंय ते बघायला आल्या. मी त्यांना चहा पाजला आणि परत पापड लाटायला बसले. पुढं ट्रंक उचलली आणि पलूसजवळच्या आमच्या गावी, भाऊ नाथाजीकडं कायमची राहायला आले. गेलेल्या माणसावर जळत बसण्याइतका वेळ मला नव्हता. मी जळले ती लीलाबाईवर, आणि ती बिचारी माझ्याशी कधी वाकडं बोललीसुद्धा नव्हती.

लीलाबाई म्हणजे माझ्या भाचीची मामी. नाथाजीची बायको वारली तेव्हा विजयमाला तीन वर्षांची होती. तिला मी वाढवलं. तिच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, गोवरात तिला मांडीवर घेऊन मी बसले, पाढे चुकले म्हणून धपाटे मी घातले. लीलाबाईचं माहेर साताऱ्याचं आणि संसार मुंबईत. ती दर दिवाळीला दोन दिवस यायची, सोबत एक फ्रॉक आणि बिस्किटांचा पुडा. विजू तो फ्रॉक घालून अख्ख्या आळीत हिंडायची, "माझ्या मामीनं आणला, माझ्या मामीनं आणला." मी शिवलेलं परकर-पोलकं कुणी आणलं, हे तिनं आळीत कधी सांगितल्याचं मला आठवत नाही.

चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात विजूचं लग्न ठरलं. स्थळ आणलं होतं लीलाबाईच्या नवऱ्यानं, म्हणजे लालासाहेबांनी. ते सांताक्रूझच्या विमानतळावर मोठे मेकॅनिक, आणि नवरा मुलगा जोतीराम त्यांच्याच हाताखाली. गाव शिरवळ. मुलगा चांगला होता, खोड काढायला जागा नव्हती, तरी मी दोन दिवस शोधली.

आता खरी गोष्ट. आमच्याकडं नवी नवरी सासरी निघाली की तिच्यासोबत पाठराखीण जाते. माहेरची एक पोक्त बाई पाच दिवस तिच्याजवळ राहते, तिला काय हवं-नको ते बघते, रडली तर पदर देते. बाई एकच जाते, दोन नाही. विजूची पाठराखीण मीच जाणार, हे मी ती परकरात होती तेव्हापासून धरून चालले होते. त्यासाठी एक निळं इरकली लुगडं सहा वर्षं घडी न मोडता ठेवलं होतं. आणि साखरपुड्याच्या दिवशी लीलाबाई सरळ म्हणाली, "पाठराखीण म्हणून मीच जाईन म्हंते. शिरवळची मानसं माझ्या वळखीची हायेत, आनि पुढं पोरगी मुंबईत आमच्याच शेजारी र्‍हायाची हाय."

मी नाथाजीकडं बघितलं. माझा भाऊ पाण्याच्या पाळीसाठी कालव्यावर कुणाच्याही अंगावर जाईल, पण घरात दोन बायका समोरासमोर आल्या की त्याला नेमकं बैलांना पाणी दाखवायचं आठवतं. "बघू की, अजून लगीन हुयाचं हाय," म्हणाला आणि उठला.

त्याच दिवशी ओसरीवर विमानांचा वाद झाला. लालासाहेब आणि जोतीराम सुपारी कातरत बसले होते आणि पुढच्या काळात लोक कसल्या विमानानं फिरतील यावर दोघांची जुंपली होती. लालासाहेब वेगाच्या बाजूचे. इंग्रज आणि फ्रेंच मिळून एक विमान बनवतायत, त्याची चाचणी चालू आहे, चोचीसारखं टोकदार नाक आणि आवाजाच्या दुप्पट वेग.

"चार तासात मुंबई-लंडन," ते म्हणाले. "आजपतोर मानूस जलद जायलाच धडपडलाय. टांगा गेला, मोटार आली. मोटार गेली, इमान आलं. आता मागं कोन फिरनार?"

जोतीराम होणाऱ्या मामेसासऱ्यांसमोर नम्र होता, पण त्याचं म्हणणं त्यानं सोडलं नाही. "मामा, त्यात मानसं बसत्यात शंभर. आपलं जंबो साडेतीनशे घेतं. आनि ह्या वेगाच्या इमानाचा आवाज असा, की खालच्या घराच्या काचा तडकत्यात. आपल्या डोक्यावरनं कोन जाऊ देईल? आनि तेल? गेल्या सालापास्नं तेलाचा भाव कुठं गेलाय बघताय न्हवं? उद्याचं इमान म्हंजे मोठं इमान. जितकी मानसं जास्त, तितकं तिकीट कमी. एक दिवस पलूसचा शेतकरीबी बसंल त्यात."

मी चहा घेऊन उभी होते. रॉकेलसाठी मी त्याच आठवड्यात तीन तास रांगेत उभी राहिले होते, त्यामुळं तेलाचं मला लगेच पटलं. शिवाय नवऱ्यामुलाची बाजू घेणं शहाणपणाचं होतं. मी म्हणाले, "जावईबापूंचं खरं हाय. मोठंच पायजे. सगळी एकदम जात्यात."

लीलाबाई आतून म्हणाली, "मला तर बाई जलद जानारंच बरं वाटतं."

नाथाजी हसत म्हणाला, "मग असं करा, दोगीबी रुखवतात एकेक इमान मांडा. शिरवळकर बघतील आनि सांगतील." त्यानं गंमत केली होती. आम्ही दोघींनी मात्र ती गंमत म्हणून घेतली नाही.

रुखवत हा माझा प्रांत आहे. मांडवात नवरीकडच्या बायका फराळाचे आणि साखरेचे देखावे मांडतात, त्यात आमच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारी बाई नव्हती. साखरेचं तुळशीवृंदावन, शेवेचं गवताळ रान, चिरोट्यांची विहीर आणि वर मोट, हे सगळं मी केलेलं. वरपक्षाच्या बायका रुखवत बघून नाक मुरडतात की गप्प होतात, त्यावर पोरीचं सासरी पहिलं वर्ष कसं जाईल ते ठरतं. माझं रुखवत बघून बायका गप्प व्हायच्या.

मी जंबो करायला घेतलं. नाथाजीकडून बांबूच्या काड्या तासून घेतल्या, सांगाडा दोन हात लांब बांधला आणि त्यावर ओले तांदळाचे पापड ताणून सुकवले. पुढच्या बाजूला वर एक मजला काढला, कारण जोतीरामनं दिलेल्या रंगीत कार्डावर तसं होतं. चाकं चकलीची, चार इंजिनं चार लाडवांची, शेपूट गोळीबंद पाकातून ओतलेलं. हा पाक म्हणजे थेंब पाण्यात टाकला की गोळी होते, ताटलीत टाकली की टण्ण वाजते. वैशाखातसुद्धा तो हलत नाही. विजूला मी तो लहानपणीच शिकवला होता.

खिडक्यांशी आम्ही वाटाणे चिकटवत बसलो. विजू प्रत्येक वाटाण्याला विचारायची, "आत्ती, ह्यो कोन?" मी सांगायची. ही दगडाबाई, हा कोंडीबा न्हावी, ही खरसुंडीच्या अलीकडनं मेंढरं घेऊन येणारी हरणाबाई, तिला मागं बसवू म्हणजे वास येणार नाही. आम्ही दोघी हसून लोळायचो. साडेतीनशे काही खिडकीशी मावेनात, मग उरलेल्या माणसांचे हरभरे करून विमानाच्या पोटात ओतले. माझ्या आयुष्यातले ते चार दिवस फार चांगले गेले, आणि पाचव्या दिवशी लीलाबाई आली.

रेल्वेचा संप चालू होता, म्हणून ती एसटीनं साताऱ्याला आणि तिथून दुसऱ्या एसटीनं, सगळ्या अंगावर धूळ घेऊन आली. तिनं पिशवीतून वर्तमानपत्रातलं एक कात्रण काढलं. त्यावर ते चोचीचं विमान. तिनं मैद्याची पोळी तिकोनी कापून तळली, ते झाले पंख. अंगासाठी केळीच्या सोपटात साखर ओतायची ठरवली. शक्कल बरी होती, हे मला तेव्हाही कळलं, म्हणून तर मला राग आला. आणि विजू माझ्याकडचे वाटाणे सोडून तिच्याकडं सोपटं धरायला गेली.

मी विचारलं, "लीलाबाई, त्या जलद जान्याचं तुमाला एवढं काय हो? शंभर मानसं नेनार, बाकीच्यांनी काय करायचं?"

ती हातातलं सोपट खाली ठेवून म्हणाली, "आक्का, माझी आई आजारी हाय म्हनून तार आली तवा मी मुंबईत हुते. तार दुपारी मिळाली. रात्रीच्या गाडीत जागा न्हाई. दुसऱ्या दिशी निगाले, साताऱ्यात पोचले तवर राख बी गार झाली हुती. लोकांनी किती का जावं, मला ठावं न्हाई. पर बाई एकटी का हुईना, येळंवर पोचाय पायजे."

मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी काहीतरी बरं बोलणारच होते. तेवढ्यात विजूनं आपल्या पदरानं लीलाबाईचे डोळे पुसले आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "मामी, मी तुमच्या शेजारीच र्‍हानार हाय की आता."

माझे डोळे तिनं कधी पुसले नव्हते. आता मी तिच्यासमोर कधी रडलेच नाही, ही गोष्ट वेगळी, पण त्या क्षणी मला ती सुचली नाही. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

थोड्या वेळानं लीलाबाई चुलीशी आली. "आक्का, मला पाकातलं कळत न्हाई. ह्या नाकाडाला पाक कसला करू?"

मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "दोनतारी बास. आनि वर चमचाभर तूप सोड, चकाकतं चांगलं."

दोनतारी पाकात तूप घातलं की वडी होते, ती खायला मऊ लागते. ते नाक सकाळी उभं राहणार आणि ऊन चढलं की मान टाकणार, हे मला माझं नाव माहीत असावं तितकं पक्कं माहीत होतं. वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसतील, लालासाहेबांचं तोंड उतरेल, आणि पाठराखिणीचा प्रश्न आपोआप सुटेल. मी झोपले ती शांत झोपले.

लग्न बाराच्या मुहूर्ताचं होतं. मांडवात एका बाजूला पाटांवर रुखवत मांडलेलं, मध्ये माझं जंबो आणि शेजारी लीलाबाईचं चोचीचं विमान. सकाळी ते खरंच देखणं दिसत होतं, पांढरंशुभ्र, उडायला टेकलेलं. विजूला हळद लावून आणली तेव्हा ती रुखवताजवळ थांबली. तिनं त्या नाकावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं आणि विचारलं, "मामी, ह्यात तूप कशाला घातलंसा?"

"आक्कांनी सांगितलं. चकाकतंय न्हवं?"

विजू माझ्याकडं वळली. बोट पदराला पुसत ती माझ्याकडं बघत राहिली. मी अक्षतांच्या ताटात काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

अक्षता पडल्या, पंगती उठल्या, आणि वरपक्ष रुखवत बघायला आला. पुढं जोतीरामची आई रंगूबाई, मागं पाच-पन्नास बायका-पुरुष, आणि शेल्याची गाठ सांभाळत नवरा-नवरी. मांडवाचं पाल तापलं होतं. आणि मी बघितलं, माझ्या हिशेबाप्रमाणं नाक वाकलं होतं. मोडलं नव्हतं, तडकलं नव्हतं. सबंध चोच मुळापासून खाली झुकून पाटाकडं बघत होती. लीलाबाईनं हातातलं पानाचं तबक घाईनं खाली ठेवलं. मी जंबोच्या शेजारी ताठ उभी राहिले.

जोतीराम पुढं वाकला आणि एकदम ओरडला, "अरं वा! मामा, हिकडं या! नाक खाली केलंय!"

लालासाहेब धावत आले. दोघं मेकॅनिक त्या साखरेभोवती लहान पोरांसारखे फिरायला लागले. मग जोतीरामनं सगळ्यांना समजावून सांगितलं. हे विमान उतरताना पुढून वर उचललेलं असतं, त्याची चोच इतकी लांब की चालवणाऱ्याला खालची धावपट्टी दिसत नाही. म्हणून ती चोच उतरायच्या वेळी खाली वाकवायची सोय केली आहे. "नुसतं इमान न्हाई दाखवलं," तो म्हणाला, "इमान उतरताना दाखवलंय! मी मोठ्या इमानाच्या बाजूचा मानूस हाय, पर आज मी हरलो. ही करामत कुनाची?"

माझ्या जंबोकडं कुणी बघत नव्हतं. एक म्हातारी तेवढी शेपटाचा तुकडा मोडून तोंडात टाकत होती.

आणि लीलाबाई, जिला बोलायचं नव्हतं तर गप्प राहता आलं असतं, ती भोळेपणानं म्हणाली, "मला कुठलं येतंय? मनुआक्कांनी पाक सांगितला, तूप घालाय लावलं. मला तर आत्ता वाटलं, माजं नाक मोडलं. त्यांनी सगळं ठावं असून केलं बगा."

पन्नास माणसं माझ्याकडं वळली. "आत्याबाई, तुमाला ह्या नाकाचं कसं कळलं?" जोतीरामनं विचारलं. काय सांगणार होते मी? म्हणाले, "पेपरात वाचलं हुतं." लालासाहेबांनी मला हात जोडले. "आक्का, स्वतःचं इमान बाजूला, आनि दुसरीचं उठून दिसावं म्हनून एवढी कारागिरी! असं कोन करतंय?"

रंगूबाईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तिथंच निकाल दिला. "नाथाजीराव, जीपमधी एकच जागा हाय. पाठराखीन म्हनून ह्यास्नीच धाडा. असली मानसं घरात आली की घराला चांगलं वळन लागतं."

लीलाबाई माझ्याकडं बघून हसली. तिला वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं, पण ती हसली. मी आत गेले आणि निळं लुगडं नेसले. घडीवर वळ पडले होते ते हातानं सारखे केले. मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण मिऱ्या घालताना मी मनात म्हणत होते, जे माझं होतं तेच मला मिळालं, कसं मिळालं ते कशाला बघू.

चारच्या सुमाराला पाठवणी निघाली. जीप दारात उभी, माझी पिशवी आत ठेवलेली. विजू आळीतल्या एकेकीच्या गळ्यात पडून रडत होती. दगडाबाईच्या, काकींच्या, लीलाबाईच्या. शेवटी माझ्याजवळ आली. पाच दिवस सोबतच असणार म्हणून मी हसून म्हणाले, "माझ्या गळ्यात कशाला पडतीस, मी येतेयच की."

तिनं दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं. इतकं घट्ट तिनं गोवरातसुद्धा धरलं नव्हतं. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं आणि ती हुंदके देत होती. हुंदक्यांच्या मधे ती म्हणाली, "आत्ती, तू येऊ नगंस. मामीला पाठव."

मी हलले नाही. आजूबाजूच्या बायका आम्हाला बघून डोळे पुसत होत्या.

"मी कुनाला सांगनार न्हाई," ती म्हणाली. "कधीच न्हाई. पर पाच दिवस तू माझ्याजवळ बसलीस तर मला तुझ्याकडं बघवायचं न्हाई."

मग तिनं मला सोडलं आणि पदरानं माझे डोळे पुसले. मला कळलंही नव्हतं की ते भरलेत.

मी नाथाजीला हाक मारली. "माजा गुडघा धरलाय," मी म्हणाले. "जीपमधी शिरवळपतोर बसवायचं न्हाई. लीलाबाईस्नी जाऊ द्या." नाथाजी म्हणाला, "आक्का, आगं सकाळपास्नं तर पळतीयास!" मी म्हणाले, "आत्ताच धरलाय." माझी पिशवी मीच जीपमधून काढली.

लीलाबाई नको नको म्हणत होती. मग ती वाकली आणि सगळ्यांदेखत माझ्या पायावर डोकं ठेवलं. "मला ठावं हाय, गुडघ्याला काय झालेलं न्हाई," ती हळूच म्हणाली. "माझी हौस हुती म्हनून तुमी जागा सोडली. आक्का, तुमच्यासारखं मन मला का दिलं न्हाई देवानं? मी तर साखरपुड्यापास्नं तुमच्यावर जळत हुते."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला उठवलं, जीपमध्ये बसवलं, तिच्या लुगड्याचा काठ दारात अडकत होता तो आत सरकवला. विजूनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि पुढं बघत राहिली. जीप हलली. आळीतल्या बायका माझ्याभोवती गोळा झाल्या. मन असावं तर असं, म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.